सर्व्हरला पडदा कशाला हवा?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्क’ही कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र एक साधी गोष्ट बातम्यांत क्वचितच येते: अशा यंत्रांच्या ज्या नोडवर गणिते चालतात, त्यांना मॉनिटर जोडलेला नसतो.

याचा अर्थ विद्यार्थ्याला फार उशिरा कळतो. समजा, रायपूरच्या शंकर नगरातील भाड्याच्या खोलीतून एक पदव्युत्तर विद्यार्थी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करतो आणि महानदीच्या खोऱ्यातील पावसाचे विश्लेषण रात्रभर चालू ठेवतो. आठ तासांनी प्रोग्राम शेवटच्या टप्प्यावर येतो, आलेखाची खिडकी उघडू पाहतो आणि ‘डिस्प्ले नाही’ असे सांगून कोसळतो. निष्कर्षाचे आकडे स्मृतीतच होते, तेही गेले. पायथॉनमधील मॅटप्लॉटलिब हे साधन २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून लिनक्सवर पडदा सापडला नाही तर आपोआप बिनखिडकीच्या मार्गाने जाते. पण प्रोग्राममध्ये केवळ ‘शो’ ही आज्ञा असेल, तर तो संपतो आणि आलेख कुठेच उरत नाही.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: ‘सर्व्हरवर डेस्कटॉप बसवून घ्या’ किंवा ‘एक्स-फॉरवर्डिंग वापरा’. हा सल्ला रोगापेक्षा महाग आहे. एक्स ही खिडक्यांची प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. तिच्याद्वारे दूरच्या यंत्रावरील खिडकी आपल्या पडद्यावर आणता येते, हे खरे. पण त्यासाठी दोन यंत्रांत सतत देवाणघेवाण व्हावी लागते. विद्यापीठाच्या वेगवान जाळ्यावर ते निभावते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याची मात्र खिडकी गोठते. ज्याच्याकडे साधने कमी, त्याच्यावरच हा भार अधिक पडतो.

मुळात आलेख काढण्यासाठी पडदा लागतो, हीच समजूत चुकीची आहे. चित्र म्हणजे अंकांचा तक्ता. ८ इंच रुंद, ६ इंच उंच आणि इंचाला १०० ठिपके असा आलेख घेतला, तर ठिपके होतात ४,८०,०००. प्रत्येक ठिपक्याला रंग व पारदर्शकतेचे मिळून चार बाइट धरले, तर १९,२०,००० बाइट. हा तक्ता स्मृतीत भरणे हे निव्वळ गणित आहे, आणि गणित करण्यासाठीच तर सर्व्हर असतो. मॅटप्लॉटलिबचा ‘अ‍ॅग’ हा भाग नेमके हेच करतो. आरंभीच ‘अ‍ॅग’ निवडावा, ‘शो’ऐवजी ‘सेव्हफिग’ लिहावे, की पीएनजी फाइल तयार. आर भाषेत पीएनजीसाठी ‘कैरो’ हा प्रकार निवडता येतो, जावात ‘हेडलेस’ पद्धत आहे. एखादे जुने साधन खिडकीवाचून चालतच नसेल, तर ‘एक्सव्हीएफबी’ स्मृतीत आभासी पडदा उभा करते. तो मात्र शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

‘पाहिल्याशिवाय विज्ञान होत नाही,’ असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. विदा चाचपताना, आलेख मोठा-लहान करून पाहताना स्वतःच्या लॅपटॉपवरील खिडकीला पर्याय नाही. परंतु पाहणे आणि रेखाटणे या दोन भिन्न क्रिया आहेत. यंत्राने रात्री रेखाटावे, माणसाने सकाळी पाहावे; यात विज्ञानाचे काहीच उणे होत नाही. उलट लाभच होतो. माउसने जागच्या जागी फिरवून, ताणून साठवलेला आलेख दुसऱ्याला जसाच्या तसा पुन्हा काढता येत नाही. प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिलेला आलेख तीच विदा आणि तोच प्रोग्राम असलेला कोणीही पुन्हा काढून तपासू शकतो. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा पाहिली. त्या संशोधनाच्या साधनांतही मॅटप्लॉटलिब होते. तेथेही विश्वासाचा आधार एखाद्याच्या पडद्यावरील देखावा हा नव्हता. स्वतंत्र गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली पडताळणी हा होता.

तरीही आपल्या प्रयोगवह्यांत आलेख म्हणजे खिडकी उघडा, चित्र पाहा, स्क्रीनशॉट चिकटवा. हे शिक्षण पहिल्याच सर्व्हरवर उघडे पडते. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभारला, त्याला तीन दशके उलटली. यंत्रे पेटाफ्लॉप्सपर्यंत पोचली, पण ती वापरण्याची शिस्त पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात यायची आहे. तिला निधी लागत नाही. तीनच नियम पुरेत: आधी आकडे फाइलमध्ये साठवा, मग आलेख फाइलमध्ये लिहा, आणि रात्रभराचे काम सोडण्यापूर्वी दहा ओळींच्या विदेवर तेच काम त्याच सर्व्हरवर चालवून पाहा.

महासंगणक देशाला अर्पण होतो तो एका दिवशी. विद्यार्थ्याच्या हाती तो येतो, तेव्हा पडद्याविना त्याच्याकडून काम करून घेता येते तेव्हाच.