‘स्मूद’ म्हणजे किती मिलिमीटर?

इलेक्ट्रिक गिटारच्या प्रत्येक रिव्ह्यूमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: ‘नेक एकदम स्मूद आहे, खूप कम्फर्टेबल.’ बोलणारा एसी खोलीत बसलेला असतो. त्याच्या मागे भिंतीवर सात गिटारी टांगलेल्या असतात. ऐकणारा असतो आमच्या पिंपळगाव राजात, उरलेला डेटा मोजत. सोयाबीनच्या सोंगणीला जाऊन जमवलेले बारा-पंधरा हजार त्याच्याकडे असतात आणि चूक परवडेल इतकी ऐपत नसते. त्याच्यासाठी हे वाक्य निरुपयोगीच नाही, घातक आहे.

कारण त्याला गिटार हातात धरून बघता येत नाही. चार मॉडेल ओळीने मांडून ‘घे, वाजवून बघ’ म्हणणारं दुकान मला तरी आमच्या टापूत माहीत नाही. धोबी तलावाच्या दुकानांत जायचं तर नांदुऱ्याहून गाडी धरा; मुंबई पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे गिटार खोक्यातूनच येणार. अशा गिऱ्हाईकाला ‘फील’ सांगू नये, माप सांगावं.

आणि मापं आहेत. फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली आली. तिच्या तारेची लांबी, म्हणजे स्केल, ६४८ मिलिमीटर. गिब्सन लेस पॉल त्याआधी दोन वर्षं, १९५२ची. तिचं स्केल सुमारे ६२८. वीस मिलिमीटरने काय बिघडतं? हिशेब करा. पहिल्या चार फ्रेटचं अंतर स्ट्रॅटवर १३४ मिलिमीटरच्या आसपास भरतं, लेस पॉलवर १३०च्या. करंगळीला चार मिलिमीटर कमी ताणावं लागतं. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या, तर लेस पॉलवर ताण सुमारे सहा टक्के कमी. तार ओढून सूर चढवताना हे बोटाला लगेच कळतं.

मग फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या फेंडरची त्रिज्या सव्वासात इंच, हल्लीच्या बऱ्याच फेंडरची साडेनऊ, गिब्सनची बारा, आयबानेझच्या बऱ्याच मॉडेलची पावणेसोळाच्या आसपास. आकडा लहान तितकी गोलाई जास्त. जास्त गोल पाटीवर बारे कॉर्ड धरायला तर्जनी सुखावते. पण तारा खाली बसवल्या असतील, तर वरच्या फ्रेटवर तार ओढताना सूर मध्येच गुदमरतो. सपाट पाटीवर उलट. एकच नेक एका कामाला आरामाचा आणि दुसऱ्याला त्रासाचा असतो. मग नुसतं ‘कम्फर्टेबल’ म्हणजे कशासाठी? कुणासाठी?

सगळ्यात मोठी अंधश्रद्धा जाडीबद्दल आहे: नेक जितका पातळ, तितका चांगला. आयबानेझचा मूळ ‘विझर्ड’ नेक पहिल्या फ्रेटपाशी सुमारे १७ मिलिमीटर. गिब्सनचा पन्नाशीच्या दशकाच्या ढंगाचा गुबगुबीत नेक २२-२३च्या घरात. पातळ नेकवर अंगठा मागे टेकवून भरभर वाजवता येतं, हे खरंच. पण रुंद पंज्याच्या माणसाला तळहातात काहीच न आल्यामुळे अंगठ्याने चिमटा काढल्यासारखं दाबावं लागतं, आणि तासाभरात अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. कुऱ्हाडीचा दांडा बोटाएवढा बारीक करून बघा, कितीशी लाकडं फुटतात ते. गावचा सुतार दांडा तासण्याआधी म्हणायचा, ‘दाखव बरं हात.’ तेवढी अक्कल लाखो लोक ऐकतात त्या रिव्ह्यूवाल्याला नसावी?

उन्हाळ्याचं तर कुणी बोलतच नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. फ्रेटबोर्डचं लाकूड आडवं आकसतं. फ्रेटची धातूची पट्टी तशी आकसत नाही. तिची टोकं कडेने बाहेर येतात. मुंबईच्या दमट हवेत लोण्यासारखा वाटलेला नेक इथे बोटं सोलतो. माझ्या गिटारवर हात फिरवून एक मित्र म्हणाला होता, ‘हे तं करवतच झाली बे!’ ज्या विक्रेत्याने ती पाठवली, त्याचं उत्तर होतं, ‘वाजवत राहा, सवय होईल.’ टोकं कानशीने घासून गोल करणं हे कारागिराचं काम. ते माझ्या बोटांनी करायचं होतं म्हणे. चकचकीत पॉलिशचंही तेच. घामाने अंगठा चिकटतो. मॅट नेकवर सरकतो. हे ऋतू सांभाळून कोण बोलतं?

‘सवय होते’ हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. मिलिमीटरभराचा फरक हात पचवतो. पण टोचणारा फ्रेट आणि बोटभर वर उचललेल्या तारा यांची सवय होत नाही. गिटार कोपऱ्यात जाते. त्याहून वाईट म्हणजे ‘माझे हातच गिटारचे नाहीत’ असं तो पोरगा, ती पोरगी कायमचं ठरवून टाकते. दोष तारांच्या उंचीत असतो, नेकच्या आतल्या ट्रस रॉडच्या दोन फेऱ्यांत असतो, आणि शिक्षा होते आत्मविश्वासाला.

लहान हातांसाठी लहान स्केलची गिटार असते. फेंडरची मस्टँग १९६४ची, चोवीस इंचांची. पण ती विद्यार्थ्यांची गिटार म्हणून विकली गेली, आणि आजही लहान स्केल मागणाऱ्याला ‘ती मुलांची आहे’ असं ऐकावं लागतं. मिरजेला जाऊन बघा. तिथला कारागीर पुरुषाच्या आवाजाला मोठा तंबोरा करतो, बाईच्या आवाजाला लहान. लहान तंबोऱ्याला कुणी हलकं वाद्य म्हणत नाही. वाद्य माणसाच्या मापाचं असावं, ही समज आपल्याच मातीत आहे. परदेशी वाद्य हातात घेताना ती कुठे ठेवून येतो आपण?

‘फील आकड्यांत मावत नाही,’ असं काही जण म्हणतील. मान्य. चपलेचा नंबर बरोबर असूनही चप्पल चावते. म्हणून बिननंबरची चप्पल कुणी मागवतं का?

तेव्हा रिव्ह्यूवाल्यांनो, पाच गोष्टी सांगा: स्केल, नटची रुंदी, त्रिज्या, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडी. सोबत स्वतःचा पंजा पट्टीवर ठेवून दाखवा, म्हणजे तुमचा आराम कुठल्या हाताचा ते कळेल. विक्रेत्यांनो, हेच आकडे किमतीच्या खाली छापा. आयबानेझ आपल्या संकेतस्थळावर नेकची जाडी मिलिमीटरमध्ये देते, म्हणजे हे अशक्य नाही. गिटार पाठवण्याआधी फ्रेटची टोकं घासा.

आणि तुम्ही, ही गिटार मागवणारे: गावात कुणाकडे, ऑर्केस्ट्रातल्या कुणाकडे हाताला बरी वाटणारी गिटार असेल, तर ती मोजा. आयटीआयला जाणारा एखादा मित्र असतोच. त्याचा व्हर्निअर मागा. ते आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि विक्रेत्याला विचारा, तुमच्या मॉडेलचे किती? उत्तर आलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.