सांगायला कोणीतरी हवं

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये संध्याकाळच्या वेळी गेलं, तर पाठीला दप्तर लावलेल्या मुलामुलींचीच गर्दी दिसते. खाली दुकानं आणि वर क्लास अशा इमारतींच्या रांगा. कुणी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतंय, कुणी मेडिकलच्या, तर कुणी कॅनडाला जायचं म्हणून इंग्रजीचा क्लास लावलाय. पंजाब, हरियाणा, हिमाचलच्या लहान गावांतून आलेली ही मुलं जवळपासच्या सेक्टरांत पेइंग गेस्ट म्हणून राहतात. आईवडील दूर गावी. मराठी वाचकांना हे चित्र नवीन नाही. लातूरला किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत ते रोज दिसतं.

अशा मुलाच्या हातातला मोबाइल म्हणजे त्याचं घर, वर्ग, मित्रमंडळी आणि एकांत, सगळं एकत्रच. आईचा फोन त्याच्यावर येतो, फिजिक्सच्या नोट्स त्याच्यावर येतात आणि रात्री अकरा वाजता अनोळखी मुलीच्या नावाने आलेला 'हाय'देखील त्याच्यावरच येतो. पुढचा प्रकार ठराविक आहे. दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, त्याचं गुपचूप रेकॉर्डिंग आणि नंतर धमकी : पैसे पाठव, नाहीतर ही फीत तुझ्या बहिणीला आणि क्लासच्या ग्रुपवर जाईल. घाबरून पैसे पाठवले, की मागणी थांबायच्या ऐवजी वाढते. मुलींच्या बाबतीत तर खऱ्या छायाचित्राचीही गरज उरलेली नाही. एखाद्या लग्नसमारंभातला साधा फोटो घेऊन त्याचं अश्लील चित्र करणं आता फार सोपं झालं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चंदीगडमधल्याच एका खासगी शाळेतल्या मुलींचे फोटो असे विकृत करून स्नॅपचॅटवर टाकल्याची तक्रार पोलिसांकडे गेली होती.

त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, शेजारच्या मोहाली जिल्ह्यातलं एक खासगी विद्यापीठ देशभर गाजलं. वसतिगृहातल्या मुलींच्या चित्रफिती बाहेर गेल्याच्या संशयावरून विद्यार्थी रात्रीच रस्त्यावर उतरले. विद्यापीठाला सुट्टी द्यावी लागली आणि तपासासाठी पंजाब पोलिसांनी महिला अधिकाऱ्यांचं विशेष पथक नेमलं. किती चित्रफिती होत्या, कुणाच्या होत्या, यावर तेव्हा बराच वाद झाला. पण अफवा ऐकूनच अनेक आईवडील मिळेल त्या गाडीने आले आणि मुलींना घरी घेऊन गेले. त्यांना दोष देता येत नाही. कोणत्याही आईने तेच केलं असतं.

गुपचूप पहारा

अशा बातम्यांनंतर पालकांचा पहिला विचार असतो तो मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच्या नकळत एखादं पाळतीचं अ‍ॅप बसवण्याचा. तो काय बघतो, कुणाशी बोलतो, सगळं आपल्याला कळावं. (वडील स्वतः रात्री साडेअकरापर्यंत अंथरुणात रील्स बघत असतात, ती गोष्ट वेगळी.)

दुसऱ्याला आपलं इंटरनेट दाखवण्याच्या या कल्पनेचा उगम पाहिला, तर थोडं आश्चर्य वाटेल. तिचा मोठा प्रसार झाला तो अमेरिकेतल्या चर्चमंडळींमध्ये. २००० साली मिशिगन राज्यातल्या ओवोसो या लहान गावात रॉन डीहास यांनी 'कॉव्हेनंट आइज' ही कंपनी काढली. आपल्या डोळ्यांशी करार, असा त्या नावाचा अर्थ, आणि ती कल्पना बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातली. या सॉफ्टवेअरचा रोख अश्लील मजकूर अडवण्यापेक्षा तो बघितल्याचं दुसऱ्याला कळवण्यावर होता. माणसाने स्वतःच आपल्या विश्वासातला कोणी निवडायचा, मित्र, नवरा, बायको किंवा पाद्री, आणि आपण इंटरनेटवर काय पाहिलं याचा अहवाल त्याच्याकडे जाऊ द्यायचा. कुणीतरी बघणार आहे हे माहीत असलं, की हात आवरतो, हे साधं गणित.

संगणक नवा असला तरी विचार जुना होता. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी आपल्या अनुयायांच्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा जमायचं आणि आपलं चुकलं काय ते एकमेकांना मोकळेपणाने सांगायचं. पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे. त्यातला एक नियम फार शहाणपणाचा आहे. आधी एकाने स्वतःची अवस्था सांगायची आणि मग इतरांना विचारायचं. म्हणजे विचारणाराही उघडा पडलेला असतो. धर्म बाजूला ठेवला, तरी कोणत्याही घरात हा क्रम चालण्यासारखा आहे.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा क्रम पुष्कळदा हरवला. पुढे पडद्याचीच छायाचित्रं घेऊन ती तपासली जाऊ लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये 'वायर्ड' या अमेरिकन नियतकालिकाने अशा अ‍ॅप्सबद्दल एक मोठा वृत्तांत छापला. एका चर्चमध्ये पुढारी मंडळीच सदस्यांचे अहवाल वाचत होती, आणि त्यातून आधारापेक्षा लाज आणि धास्तीच जास्त निर्माण झाली होती. अपंगांना फोन वापरणं सोपं जावं म्हणून दिलेली परवानगी ही अ‍ॅप्स पाळतीसाठी वापरतात असं दिसल्यावर गुगलने त्याच वर्षी 'कॉव्हेनंट आइज' आणि 'अकाउंटेबल टू यू' ही दोन्ही अ‍ॅप्स आपल्या प्ले स्टोअरवरून काढली. ज्या अ‍ॅपला फोनचा सगळा पडदा दिसतो, त्याला मुलीचे खासगी फोटोही दिसतात आणि वडिलांचं बँकेचं खातंही. 'मुलांच्या सुरक्षेसाठी' म्हणून अनोळखी कंपनीचं फुकट अ‍ॅप बसवणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

याच अ‍ॅपची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले माइक जॉन्सन यांची आदल्या वर्षीची एक चित्रफीत त्यानंतर गाजली. आपण आणि आपला किशोरवयीन मुलगा 'कॉव्हेनंट आइज'मध्ये एकमेकांचे जोडीदार आहोत, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं. मुलाचा अहवाल वडिलांकडे, वडिलांचा मुलाकडे. त्यावर अमेरिकेत थट्टा पुष्कळ झाली, आणि सभापतींच्या फोनचा पडदा एका खासगी कंपनीला दिसावा का, हा प्रश्न तर रास्तच होता. तरीही वडिलांनी मुलाला उत्तर द्यायचं, ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांत पचेल?

भोंगा सगळ्यांसाठी

महाराष्ट्रात २०२२ सालीच दोन गावांनी आपापल्या परीने उपाय शोधले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा मार्ग वेगळा होता. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला लोक हसले, घरोघर जाऊन समजवावं लागलं. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी होता, वडगावचा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी, म्हणून वडगावची गोष्ट अधिक पटते.

सेक्टर ३४ मधल्या मुलापर्यंत अर्थातच कोणताही भोंगा पोहोचत नाही. त्याला धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल एकच असतं, ते म्हणजे 'घरी कळेल' ही भीती. घरी सांगता येतं हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याच्यापुढे ती धमकी बरीचशी फोल ठरते. ज्या घरात एवढ्या-तेवढ्यावरून फोन हिसकावला जातो, 'शिक्षण बंद करून परत आणीन' असं ऐकवलं जातं, तिथला मुलगा गप्प राहतो आणि पैसे पाठवत राहतो. मुलगी तर अधिकच गप्प राहते, कारण शिक्षण थांबण्याची धमकी तिच्या बाबतीत बहुधा खरी होते. म्हणून मुलाला शहरात ठेवतानाच एक गोष्ट ठरवून टाकावी : अडचणीच्या वेळी तो पहिला फोन कुणाला करील. ती व्यक्ती आईवडीलच असली पाहिजे असं नाही. मामा असेल, मोठी चुलत बहीण असेल, काकू असेल. मुलानेच निवडावी आणि आईवडिलांनी मान्य करावी. त्या माणसाने फोन उचलल्यावर पहिली दहा मिनिटं 'तू असं केलंसच का?' हे विचारू नये.

पाळत ठेवायचीच असेल, तर ती सांगून ठेवावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या फोनवर काय बसवलं आहे हे त्याला दाखवावं आणि वयाबरोबर ते कमी करत जावं. सतरा वर्षांच्या मुलाला लपून बसवलेलं अ‍ॅप सापडलं, की तो दुसरा फोन मिळवतो. मग घराला काहीच कळत नाही.

प्रसंग आलाच, तर पैसे पाठवू नयेत. घाबरून चॅट पुसूनही टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. समोरच्याचं प्रोफाइल, नंबर, पैसे मागितल्याचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत आणि मगच त्याला ब्लॉक करावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण जितक्या लवकर कळवलं तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. अठरा वर्षांखालील मुलांची अश्लील चित्रं बनवणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, चित्र मुलीने स्वतः पाठवलेलं असलं तरी ते पुढे पसरवणारा सुटत नाही. चित्र पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे चित्र पाठवावं लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा पुढे जातो, त्यावरून सहभागी कंपन्या ते चित्र ओळखून काढून टाकू शकतात. मुलाला हे एकट्याने जमणार नाही, रात्री दीड वाजता तर नाहीच. तेव्हा ज्याला पहिला फोन करायचा ठरला आहे, त्यानेच हे क्रमांक आजच आपल्या वहीत उतरवून ठेवावेत.