विद्येला कुंपण कशाला?

वसईच्या वाडीला कुंपण घालतात ते गुरांसाठी. विद्येच्या वाडीला मात्र आपण कित्येक दशके माणसांसाठीच कुंपण घालून ठेवले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहासाकडे वळून पाहू नये, कलाशाखेच्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडू नये आणि वाणिज्यशाखेच्या मुलाला जमाखर्चापलीकडच्या जगाची वार्ताही लागू नये, असा आमच्या उच्च शिक्षणाचा अलिखित दंडक होऊन बसला आहे. तो मोडण्याची संधी आज चालून आली आहे. ती वाया जाऊ नये, म्हणून हे चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाची नवी चौकट आखली आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीसाठी या चौकटीत १३२ श्रेयांक आहेत. त्यांपैकी १० ते १२ श्रेयांक खुल्या ऐच्छिक विषयांचे असून ते विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावयाचे आहेत. पदवीचा हा जेमतेम बारावा हिस्सा. पण कुंपणाला पडलेले हे पहिले खिंडार आहे. आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो.

ही कल्पना आजची नव्हे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ सालीच सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरून अकाली एकांगी होणाऱ्या अभ्यासक्रमांवर बोट ठेवले होते. त्या सूचनेची पुढे काय दशा झाली? मुंबई विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना ‘फाउंडेशन कोर्स’ नावाचा सक्तीचा विषय वर्षानुवर्षे होता. हेतू उत्तम होता. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उघडावे, चार प्रश्न घोकावे आणि निकालाबरोबर सारे विसरून जावे, हाच अनेकांचा त्या विषयाशी आलेला संबंध! हा पूर्वानुभव विसरून चालणार नाही. सक्ती करता येते, पण सक्तीने जिज्ञासा निर्माण होत नाही.

नव्या योजनेची तीच गत होईल, अशी आमची भीती आहे. कोणता विषय घ्यावा हे विद्यार्थ्याच्या कुतूहलाऐवजी वेळापत्रकातली रिकामी तासिका ठरवणार असेल, तो शिकविण्याचे काम तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकाच्या गळ्यात पडणार असेल आणि जिथे सहज गुण पडतात तिथेच वर्ग भरणार असतील, तर नाव बदलेल, दशा बदलणार नाही. मग खिंडार बुजवून पुन्हा कुंपण उभे करण्यास आणखी कोणा शत्रूची गरज पडणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून, गर्दीच्या लोकलला लोंबकळत नोकरी करणाऱ्या बापाच्या मुलाला पोटाची विद्या हवी. त्याला या चैनीचे ओझे कशाला? आम्ही उलट विचारतो, ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्याला इतिहास, विज्ञान आणि साहित्य यांची तोंडओळख घरीच होते. ज्याच्या घरात ते नाही, त्याला महाविद्यालयाखेरीज दुसरे दार कोणते? हाच मुलगा पुढे स्पर्धा परीक्षेस बसतो, तेव्हा इतिहास, भूगोल, अर्थकारण, राज्यघटना आणि सामान्य विज्ञान हे सारे त्याला खाजगी क्लासची फी भरून शिकावे लागते. जे महाविद्यालयाने द्यायचे, ते बाजारातून विकत घेण्याची पाळी गरिबावर यावी, ही चैन की अन्याय?

शिवाय या शिक्षणासाठी वसईकराला फार दूर जावे लागत नाही. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाचा शिलालेख लाभलेले ते प्राचीन बंदर गाळाने कसे भरले, याचे उत्तर इतिहासाला भूशास्त्राच्या मदतीवाचून देता येत नाही. जुलै २०१८ मध्ये लोहमार्ग पाण्याखाली गेला आणि मिठागरांतील वस्तीला पुराने वेढले. ते पाणी का तुंबले, हे समजण्यास पर्जन्यमान आणि भूमीचा उतार जितका कळावा लागतो, तितकाच नगररचनेचा कायदा आणि जमिनीचे अर्थकारणही कळावे लागते. वाडवळी आणि सामवेदी बोली घरात बोलणाऱ्या मुलांना तर भाषाशास्त्राचे पुस्तक आजीच्या तोंडीच सापडेल! वसईचा एकही महत्त्वाचा प्रश्न एका विद्याशाखेत मावत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. खुले ऐच्छिक विषय महाविद्यालयातील अनुभवी, कायम प्राध्यापकांनीच शिकवावेत. आपला सर्वोत्तम शिक्षक विज्ञानाच्या मुलांना इतिहास शिकवताना दिसला पाहिजे. वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही लागोपाठची तीन स्थानके आहेत. वर्तक, गोन्सालो गार्सिया आणि विवा या महाविद्यालयांनी एकत्र बसून एकमेकांच्या विद्यार्थ्यांना आपले वर्ग खुले करण्याची वाट शोधावी, आणि विद्यापीठाने तांत्रिक सबबी पुढे न करता त्यास मुभा द्यावी. परीक्षा पाठांतराची न घेता, गावातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून लिहिलेल्या निबंधाची घ्यावी. आणि शासनाने रिक्त पदे भरावीत. शिक्षकच नसतील तर धोरणाचे कागद विद्यार्थ्यांना शिकवणार नाहीत.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलगी विज्ञान शिकत असताना इतिहासाचा वर्ग निवडते, म्हणून तिच्यावर रागावू नका. उद्या तिच्या हाती प्रयोगनळी असेल किंवा नगरपालिकेचा नकाशा असेल. पण माणसांच्या गतकाळाची जाण असलेला हात चूक करण्यापूर्वी क्षणभर थांबेल. या शहराला अशा थांबून विचार करणाऱ्या माणसांची आज नितांत आवश्यकता आहे.