टेप बसवला आणि बॅटरी उतरली : भांडण तोंडाने नको, मीटरने मिटवा

साताऱ्यापासून कराडमार्गे सांगली-मिरजेपर्यंत रस्त्याच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिशियनची जी दुकाने दिसतात, त्यांतली बरीच आपल्या कारागीर बांधवांची आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की या दुकानांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. ऊस कारखान्याकडे न्यायचा तर गाणी हवीतच, असा आपल्याकडचा रिवाज! कारवाले तर बारा महिने येतात. गिऱ्हाईक टेप, अॅम्प्लिफायर, स्पीकर बसवून खुशीत जाते आणि चार दिवसांनी तोंड पाडून परत येते. सकाळी गाडी स्टार्टच होत नाही. गिऱ्हाईक म्हणते वायरिंग चुकले, कारागीर म्हणतो बॅटरी जुनी. मीटर मात्र दोघांपैकी कोणीच लावलेला नसतो.

आमचे म्हणणे असे की, काम हातात घेण्याआधीच बॅटरी मोजावी. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावा. तो वर चढत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, टेपला शिव्या देऊन उपयोग नाही.

टेप बसवल्यानंतर बॅटरी उतरत असेल, तर ऋण टर्मिनल सोडवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडावा. त्या वेळी स्टार्टर मुळीच मारू नये, मीटर जाईल. नव्या गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला वीस-तीस मिनिटे घेतात, तेवढा धीर धरावा. मग ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाइनीत चोर आहे. २०० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला ४.८ अँपिअर-अवर जातात. छोट्या कारची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होते. गिऱ्हाईक चौथ्या दिवशीच का येते, ते यावरून कळेल.

हा चोर बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो. टेपची पिवळी वायर कायम करंटची आणि लाल वायर चावीची. घाईत दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला दिल्या जातात. दुसरी जागा म्हणजे अॅम्प्लिफायरची रिमोट वायर. ती टेपच्या निळ्या वायरीऐवजी थेट करंटला जोडली की अॅम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली की बरेच जण आधी फिल्टर विकतात. आमच्या मते आधी अर्थ बघावा. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, अर्थची वायर जाडीला पॉवरच्या वायरीएवढी आणि लांबीला आखूड असावी. सिग्नलची केबल गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्यावी. शिट्टी बहुधा तिथेच थांबते आणि फिल्टरचे पैसे वाचतात.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कडक बोलणार. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे हा गुन्हाच मानला पाहिजे. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. खरोखर ५०० वॅट ओढणारा अॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर जातो. तेवढा करंट बारीक वायरीतून गेला की इन्शुलेशन वितळते. फ्यूज बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आत हवा. डिकीत अॅम्प्लिफायरशेजारी लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरीला उघड्यावर सोडतो. पत्र्याच्या भोकातून रबरी वायसर न घालता ओढलेली वायर खड्ड्याखड्ड्याला घासते. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर पेटला तर एका घराचा वर्षभराचा घास जातो आणि दुकानाचे नावही जळते.

नव्या कारमध्ये मूळ वायर कापण्याचे धाडस करू नये. मॉडेलचा तयार कपलर बाजारात मिळतो, तोच वापरावा. नाहीतर वॉरंटीचा वाद कारागिराच्या गळ्यात पडतो. पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरीला बल्बचा टेस्टर लावणे तर जिवाशी खेळ आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर जवारी लागल्याशिवाय वाद्य हातावेगळे करत नाही, आणि वाद्यावर आपले नाव घालतो. आपला ऑटो इलेक्ट्रिशियन मात्र काळी टेप गुंडाळतो, कागद देत नाही आणि दोष शोधण्याची मजुरीही मागत नाही. का मागू नये? तासभर फ्यूज काढून-घालून चोर पकडणे हे काम आहे, आणि कामाला दाम असतो. काहीशे रुपयांचा मीटर, साधे बिलबुक आणि बिलावर दोन आकडे पुरेत : काम करण्याआधीचा बॅटरीचा व्होल्ट आणि काम झाल्यावरचा बंद गाडीचा करंट. खाली गिऱ्हाईकाची सही घ्यावी. शागीर्दालाही पहिल्या महिन्यापासून हे आकडे स्वतःच्या हाताने लिहायला लावावेत.