दुपारी २ ते ३ : महिलांसाठी

परिषद आमच्या चंद्रपुरातलीच. यंत्र अभियांत्रिकीची, दोन दिवसांची. भरवणाऱ्यांचे नाव देत नाही. अशा पत्रिका सगळीकडे एकाच साच्यातून निघतात. मोठ्या सभागृहात बॉयलर, टर्बाईन, कंपने, राखेची वाहतूक. २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उशाशी असलेल्या गावात हे साहजिकच आहे. पण पत्रिकेच्या शेवटच्या पानावर दोन चौकटी होत्या. एक : 'विशेष सत्र – स्त्री आणि अभियांत्रिकी, दुपारी २ ते ३, खोली क्र. ३.' दुसरी : 'प्रतिनिधींच्या सौं.साठी महाकाली दर्शन व ताडोबा सहल.' प्रतिनिधी स्वतःच बाई असेल तर तिच्या नवऱ्याला कुठे फिरवायचे, हे कुणाला सुचलेले नव्हते.

पहिल्या चौकटीत मला बोलावले होते. विषय अर्थातच 'महिला सक्षमीकरण'. मी कळवले, मला धानाच्या गिरणीतल्या पट्ट्यावर बोलायचे आहे, आणि ते यंत्रसुरक्षेच्या सत्रात. उत्तर आले, "मॅडम, तो विषय तांत्रिक नाही."

मैत्रिणींनो, तुम्हीच ठरवा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या छोट्या राईस मिलमध्ये बाई कोंडा झाडते, पोती ओढते, तांदूळ पाखडते. तिच्या हातभर अंतरावर मोटरचा पट्टा उघडा फिरत असतो. पदर कमरेला खोचलेला. पण वाकले की सुटतो. त्या पट्ट्यावर जाळी हवी, थांबवायचे बटण तिच्या हाताला येईल असे हवे, झाडण्याची जागा पुलीपासून दूर हवी. अंतर, वेग, जाळी, बटण. हे यंत्रशास्त्र नाही, तर मग काय हळदीकुंकू आहे?

कायद्याने तरी काय वेगळे केले? १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालायची सक्ती होती, हे मान्य. पण कमी माणसांच्या गिरण्या त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हत्या. आणि त्याच कायद्याचे २२ वे कलम काढून वाचा. चालू यंत्राजवळ जायची वेळ आली तर ते काम खास प्रशिक्षण दिलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करायचे, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. बाईने मात्र चालू यंत्राला तेलसुद्धा घालायचे नाही. पुरुषाला प्रशिक्षण आणि कपडे, बाईला मनाई! बाईला घट्ट कपडे का नाहीत, तिला शिकवायला काय हरकत होती, हे विचारले की तो 'महिलांचा प्रश्न' होतो आणि त्याची रवानगी खोली क्र. ३ मध्ये होते.

शेवटी मी त्या खोलीत गेलेच. (नाही म्हणायला हवे होते, असे आज वाटते.) समोर वीसेक मुली, बहुतेक शेवटच्या वर्षाच्या, आणि आभार मानायला थांबलेले एक सर. त्याच वेळी मोठ्या सभागृहात बॉयलरच्या नळ्या का फुटतात यावर निबंध वाचला जात होता. एका मुलीचा प्रकल्प नेमका त्यावर होता. ती दहा मिनिटे चुळबुळली आणि उठून गेली. मला राग आला नाही. एका तासात तिने एक तर अभियंता व्हायचे किंवा बाई, अशी सोय संयोजकांनीच करून ठेवली होती.

यावर आमच्यातल्याच काहीजणी म्हणतील, आपणही बायकांच्या वेगळ्या बैठका घेतोच की! घेतो, आणि घेत राहू. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंता आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा भारतातून ए. ललिता गेल्या होत्या. ती परिषद बायकांच्या संघटनेने बोलावली होती. काय बोलायचे ते बायकांनीच ठरवले होते. स्वतः मांडलेली बैठक वेगळी आणि दुसऱ्याच्या मांडवात जेवणानंतरच्या सुस्तीचा मिळालेला तास वेगळा. त्या तासाला ज्यांनी ऐकायला हवे ते कारखान्यांचे व्यवस्थापक आणि यंत्र बनवणारे मोठ्या सभागृहात असतात. आम्ही एकमेकींनाच सांगतो की आम्ही आहोत.

आणि 'मुली आता कुठे या शाखेकडे वळू लागल्या आहेत' हे प्रस्तावनेतले वाक्य तर आता पुरे करा. इला मजुमदार शिबपूरच्या कॉलेजातून यंत्र अभियंता झाल्या त्या १९५१ साली, आणि पुढे डेहराडूनच्या आयुध कारखान्यात त्यांनी काम केले. इतक्या वर्षांनंतरही मुलींचे कौतुक करायला वेगळी खोली लागते, तर मोठ्या सभागृहात काहीतरी बिघडले आहे. तपासणी तिथे करा.

परतताना एका गिरणीत थांबले. तिथल्या आजीबाईंना पत्रिका दाखवली. त्यांनी चकचकीत कागद उलटसुलट केला आणि विचारले, "एवढे शिकले लोक आले होते, तं पट्ट्याले जाळी लावाले किती पैसे लागते, हे नाही विचारलं का जी?"

नव्हते विचारले. म्हणून आता त्या वीसजणींपैकी तिघी सुट्टीत माझ्याबरोबर गिरण्या हिंडताहेत. टेप, वही, पट्ट्याचा वेग मोजायचे यंत्र. पुढच्या परिषदेला निबंध पाठवायचा आहे, यंत्रसुरक्षेच्या सत्रासाठी, तिघींच्या नावाने. 'विशेष सत्रात घेऊ' असे उत्तर आले, तर तोच निबंध त्याच सत्रासाठी पुन्हा पाठवणार आहोत.