राजीखुशीची किल्ली

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना संपादक मला दर वर्षी एकच सूचना करतात. "वकीलसाहेब, यंदा जरा हलकेफुलके होऊ द्या. वर्षभर वाचक तुमची कलमे सोसतात. निदान फराळाच्या ताटात तरी ती वाढू नका." सूचना रास्त आहे. मी ती दर वर्षी मान्य करतो आणि दर वर्षी मोडतो. यंदाही मोडणार आहे. फक्त यंदा माझ्यापाशी सबब आहे. ती सबब म्हणजे माझी नात.

ही आमची नात बारावी होऊन अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकायला गेली. जाण्यापूर्वी जुलै महिन्यात घरात जी धांदल उडाली तिचे वर्णन करत नाही. ज्यांच्या घरचे मूल परदेशी गेले आहे त्यांना ती ठाऊकच आहे. मेतकुटाची पिशवी आणि प्रेशर कुकर यांच्या वजनावरून माझी पत्नी आणि सून यांच्यात वाटाघाटी चालल्या होत्या. त्या पसाऱ्यातून वाट काढत नात माझ्या खोलीत आली. हातात कागदांची चळत. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा करार होता. पाने सतरा.

"आबा, यावर सही करायची आहे. बाबा म्हणतात, डोळे मिटून कर. पण हे कलम जरा बघा ना."

कलम असे होते, की दुरुस्ती, आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी विद्यापीठाच्या माणसांना खोलीत शिरण्याचा अधिकार राहील.

"म्हणजे उद्या ते पोलिसांना बरोबर घेऊन आले, तर मी या सहीने त्यांनाही हो म्हटले, असे होते का?"

प्रश्न ऐकून मला फार बरे वाटले. एवढ्या वर्षांच्या वकिलीत सहीपूर्वी प्रश्न विचारणारी अशिले मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकीची सगळी सही झाल्यावर विचारतात. शिवाय या प्रश्नाशी माझे एक जुने देणे आहे. ते पुढे सांगतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यांतली चौथी झडतीविषयी आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता कामा नये. वॉरंट द्यायचे तर सबळ कारण हवे, ते शपथेवर सांगितलेले हवे, आणि कोणती जागा झडायची व कोणती वस्तू घ्यायची ते त्यात नमूद हवे, असा तिचा आशय. आता प्रश्न एवढाच उरतो, की वसतिगृहाची खोली हे विद्यार्थ्याचे घर मानायचे की नाही? खोली विद्यापीठाची, खाट विद्यापीठाची, दुसरी किल्लीही विद्यापीठापाशी!

अलाबामा राज्यातल्या ट्रॉय येथील विद्यापीठात १९६८च्या फेब्रुवारीत हाच प्रश्न उभा राहिला. मुलांच्या खोल्यांत गांजा आहे, असा पोलिसांना सुगावा लागला. वॉरंट त्यांनी काढले नाही. विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतली आणि खोल्या झडल्या. विद्यापीठाचा नियमच होता, की खोली तपासण्याचा आणि जरूर पडल्यास विद्यार्थ्याला आपले सामान उघडायला लावण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे. दोघा विद्यार्थ्यांना पाच-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. पुढे हे प्रकरण संघराज्याचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यापुढे आले. त्यांनी ती झडती घटनाबाह्य ठरवली, आणि १९७१ साली वरिष्ठ न्यायालयाने तोच निर्णय उचलून धरला. तात्पर्य असे, की शिक्षणसंस्था म्हणून शिस्त राखण्यासाठी विद्यापीठाला खोली तपासता येईल. पण फौजदारी खटल्याचा पुरावा गोळा करण्यासाठी तो अधिकार पोलिसांना उसना देता येणार नाही.

मात्र याच दिवशीच्या झडतीवरून विद्यापीठाने ज्या एका विद्यार्थ्याला काढून टाकले, त्याची तक्रार याच न्यायाधीशांनी १९६८ साली फेटाळली होती. विद्यापीठाची शिस्तीची कारवाई ही फौजदारी खटल्याहून निराळी. तेथे वाजवी संशय असला की पुरे, असे ते म्हणाले. म्हणजे कायद्याच्या तराजूत तुरुंग आणि हकालपट्टी यांची वजने वेगवेगळी आहेत. शिवाय घटनेची ती दुरुस्ती सरकारला बांधते. खाजगी विद्यापीठाचे लोक आपल्या जबाबदारीवर खोलीत डोकावले, तर तिचे शस्त्र फारसे चालत नाही.

नातीचा चेहरा जरा लांबला, म्हणून मी तिला मांजराची गोष्ट सांगितली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फिचबर्गच्या सरकारी कॉलेजात एका खोलीतून मांजराचा आवाज आला. वसतिगृहात मांजर पाळायला बंदी. अधिकारी मांजर शोधायला आत गेले. मांजर राहिले बाजूला. बंद कपाटाच्या फटीतून उजेड दिसला. आग लागायची, म्हणून कपाट उघडले, तर आत दिव्याखाली गांजाची दोन झाडे! येथवर सारे ठीक होते. पण मग त्यांनी कॉलेजच्या पोलिसांना बोलावले, आणि ते वॉरंटशिवाय आत शिरले. १९९६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मांजर शोधायची परवानगी करारात होती. पोलिसांना आत घेण्याची नव्हती. पुरावा बाद झाला. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा तिथल्या कोणत्याही राज्याच्या फौजदारी न्यायालयात वापरता येत नाही, हे १९६१ सालीच ठरून गेलेले आहे.

"म्हणजे मी सुरक्षित!" नात म्हणाली.

"थांब. हा हक्क लोक कसा घालवतात तेही ऐक."

वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यार्थ्याला १९७८ साली जिनची बाटली घेऊन जाताना विद्यापीठाच्या पोलिसाने हटकले. वयाचा दाखला खोलीवर होता. दोघे खोलीपाशी आले. पोलीस दारात उभा राहिला आणि तिथूनच त्याला टेबलावर गांजाचे बी आणि चिलीम दिसली. अटकेतल्या माणसाबरोबर राहण्याचा पोलिसाला अधिकार आहे, आणि उघड्यावर दिसले ते दिसले, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. आग, किंकाळी अशा प्रसंगी तर वॉरंटची वाट कोणीच पाहत नाही.

पण सर्वांत अधिक हक्क जातात ते संमतीने. पोलीस विचारतो, "जरा आत बघू का?" आणि आपण सभ्यपणे बाजूला सरतो. तेवढ्याने संमती झाली, असे न्यायालय मानू शकते. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे पोलिसाने सांगितलेच पाहिजे असेही नाही. तसा निकाल १९७३ सालचा आहे. आणि १९७४ सालच्या एका निकालाप्रमाणे, एका जागेत दोघे राहत असतील तर सामाईक जागेपुरती एकाची संमती चालते. मात्र दुसऱ्याच्या स्वतंत्र, कुलूपबंद पेटीपर्यंत ती सहसा पोचत नाही.

इथे आल्यावर मी थांबलो. नातीने विचारले, "आबा, गप्प का झालात?"

तेव्हा मी तिला ते देणे सांगितले. घरात हे फारसे कोणाला ठाऊक नाही.

१९७५ साल. मी पुण्याला एका वसतिगृहात राहत होतो. जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली होती. ऑक्टोबर संपत आला होता आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. माझा खोलीतला जोडीदार वडिलांच्या आजारपणामुळे आधीच गावी गेला होता. त्याच्या ट्रंकेत आम्हा दोघांचे खाणावळीचे पैसे असत, म्हणून जाताना त्याने किल्ली माझ्यापाशी ठेवली.

पहाटे चारच्या सुमारास दिवा लागला म्हणून मी जागा झालो. रेक्टरनी आपल्या किल्लीने दार उघडले होते. मागे एक अधिकारी, दोन शिपाई आणि आणखी दोन अनोळखी इसम. कोणी दरडावले नाही. उलट अधिकारी म्हणाला, "बाळ, झोपमोड केली, वाईट वाटून घेऊ नकोस. ही ट्रंक कोणाची?" मी नाव सांगितले. "किल्ली आहे का रे?" मी उशीखालून किल्ली काढून दिली. माझ्या वडिलांना मी जशी चष्म्याची डबी देत असे, तशी दिली.

ट्रंकेत दोन सदरे, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आमचे पैसे, सायक्लोस्टाइल केलेली काही पत्रके आणि एक डायरी निघाली. पत्रकांपेक्षा डायरी वाईट. तिच्यात मित्रांचे पत्ते होते. त्या दोन अनोळखी इसमांनी पंच म्हणून सह्या केल्या. मग कागद माझ्यापुढे आला. मी न वाचता सही केली. एक ओळ मात्र नजरेत भरली: सदर ट्रंकेची किल्ली मी राजीखुशीने हजर केली आहे.

जोडीदाराला ऐन दिवाळीत गावातून नेले. 'मिसा'खाली त्याला स्थानबद्ध केले. खटला नाही, जामीन नाही. डायरीतले आणखी दोघे गेले. १९७७च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या, त्यानंतर तो सुटला. शिक्षणाची दोन वर्षे गेली. मधल्या काळात त्याचे वडील गेले.

तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. पंचवीस वर्षांनी मीच विषय काढला. म्हटले, "मी किल्ली दिली नसती तर?" तो म्हणाला, "अरे, त्यांनी कुलूप फोडले असते. पत्रके सापडलीच असती. फक्त घरी आल्यावर मला फुटलेले कुलूप दिसले असते. हे कुलूप शाबूत होते, म्हणून सुरुवातीला वाटले की तूच..." वाक्य त्याने पुरे केले नाही. मग चहा मागवला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवसांत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाची दारे जवळजवळ बंद होती. १९७६च्या एप्रिलमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच स्थानबद्धतेविरुद्ध दाद नाकारली. माझ्या नकाराने त्याची अटक टळली नसती. पण 'राजीखुशीने' हा शब्द त्या कागदावर खरा ठरला नसता.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आज इथे कोणी आले तर?"

आज आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १८५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटशिवायही झडती घेता येते. पण वेळ दवडून चालणार नाही, असे वाजवी कारण हवे, आणि ते कारण व शोधायची वस्तू झडतीपूर्वी लेखी नोंदवायला हवी. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवी, आणि जागेत राहणाऱ्याने अर्ज केल्यास ती त्याला विनामूल्य मिळते. कलम १०३ प्रमाणे दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित स्थानिक पंच हवेत, राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायला हवे, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याच्या हाती पडायला हवी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. कलम १०५ ने झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक केले आहे. रेक्टरने दार उघडून दिले म्हणून यांतले काही माफ होते, असे संहितेत कोठेही लिहिलेले नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. कायदेशीर झडती आली असता आपल्याकडे दार अडवता येत नाही. आणि झडती बेकायदा झाली, एवढ्याच कारणाने आपली न्यायालये पुरावा फेकून देत नाहीत. तसा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७३च्या डिसेंबरात दिला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने सांगितले, ही मोठीच गोष्ट झाली. तरी अमेरिकेत जे काम पुढे न्यायालयात होऊ शकते, त्यातले बरेचसे इथे पंचनाम्यापाशीच करावे लागते. कागद वाचणे, खोटी ओळ असेल तर हरकत घेणे आणि प्रत मागणे. एवढे तरी विद्यार्थ्याने करावे.

नातीच्या वहीत मी शेवटी चार ओळी लिहून दिल्या. पोलीस आले तर हुज्जत घालू नये, धक्काबुक्की तर नाहीच. वॉरंट आहे का, ते नम्रपणे विचारावे, असल्यास वाचावे. नसल्यास 'माझी संमती नाही' एवढे स्पष्ट म्हणावे आणि वकील मागावा. जोडीदारणीच्या सामानाबद्दल 'ते माझे नाही, मी उघडणार नाही' असे सांगावे. आमच्या वेळी डायरी होती, आता मोबाईल आहे. अटकेतल्या माणसाचा मोबाईल तपासायलाही तिकडे सहसा वॉरंट लागते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे.

करारावर तिने सही केली. करायलाच हवी होती. नाहीतर राहणार कोठे? पण सतराही पाने वाचून केली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. वसतिगृहाचे लोक धुराची घंटा तपासायला आले होते. तिने दार उघडले, काम होईपर्यंत शेजारी उभी राहिली आणि त्यांना चकल्या दिल्या. मग म्हणाली, "आबा, माझी रूममेट घरी जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडे देत होती. मी घेतली, पण आधी तिला तुमची गोष्ट सांगितली."

त्या जुन्या जोडीदाराला मी हे कळवले आहे. दिवाळीला तो आमच्याकडे यायचा आहे. वाचकांनाही ही दिवाळी सुखाची जावो.