यादीबाहेरचा दुष्काळ

आज 13 ऑक्टोबर. आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला हा दिवस. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांची यादीही साधारण याच सुमारास निघते, आणि सातारा-सांगलीच्या कोरड्या माणदेशात तिची वाट पाहिली जाते.

2023 ची यादी आठवावी. 31 ऑक्टोबरला राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातून वाई आणि खंडाळा, सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. माण नव्हता, शेजारचा आटपाडी नव्हता, जतही नव्हता. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली.

वाई-शिराळ्याचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न मोजपट्टीचा आहे. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पहिली चाचणी पावसाची: तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा तूट किती, खंड किती आठवड्यांचा. ती ओलांडली तरच पीक, भूजल, मातीतला ओलावा यांकडे नजर जाते. पण साताऱ्यातल्याच महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माणमधल्या म्हसवडची सरासरी पाचशेच्या आतबाहेर. जिथे मुळातच कमी पडते, तिथे थोडी तूटही विहिरी आणि गोठे रिकामे करते. सरासरीशी ताडून पाहताना हे नाजूकपण कुठे दिसते?

माणसांना मात्र ते दिसले होते. 2012 च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. बाया-माणसे जनावरांसह तिथेच मुक्कामाला आली, कारण गोठ्यातली गाय विकली की घर पुन्हा उभे राहायला वर्षे जातात. त्याआधी, 1876 च्या महादुष्काळानंतर, याच भागात माणगंगेवर राजेवाडीचा तलाव बांधला गेला. माणदेशाच्या स्मृतीत दुष्काळाची नोंद पक्की आहे.

राज्याच्या आपत्ती नियोजनात ती इतकी ठळक नाही. 1967 चा कोयनेचा भूकंप, 1993 चे किल्लारी, 2005 आणि 2019 चे कृष्णाकाठचे महापूर यांनी यंत्रणेला बचावकार्य शिकवले. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे आली, जिल्हा आराखडे आले. पूर एका रात्रीत येतो, म्हणून त्याच्यासाठी बोटी तयार ठेवतात. दुष्काळ चार-पाच महिने आधी कळवत येतो, तरी त्याच्या चाऱ्याचा हिशेब जनावरे बाजारात निघाल्यावर सुरू होतो.

राज्याच्या महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रे मंडळामंडळांत आहेत, म्हणजे निर्णयही ओरड होण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच मंडळाच्या पातळीवर होऊ शकतो. साताऱ्याच्या आराखड्यात माणच्या प्रत्येक मंडळासाठी तीन गोष्टी ऑक्टोबरातच लिहून ठेवाव्यात: चारा किती दिवसांचा, टँकर कोणत्या विहिरीवर भरायचा, आणि कोणत्या तारखेला छावणी उघडायची. ही तारीख घोषणेवर अवलंबून ठेवू नये.